परतीपासून मोजलेला दिवस

रविवारी कुठे जायचं हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाला शुक्रवारी रात्री पडतो आणि त्याचं उत्तर बहुधा कुणीतरी पाठवलेल्या फोटोत सापडतं. कलावंतिणीच्या पायऱ्या, देवकुंडाचं हिरवंनिळं पाणी, कोकणकड्याच्या टोकावर पाठमोरा बसलेला कुणी. फोटोवरून जागा ठरते, जागेवरून गाडी ठरते, आणि ती वाट या महिन्यात, बरोबरच्या माणसांना, एका दिवसाच्या उजेडात झेपेल का, याचा विचार पायथ्याच्या चहाच्या टपरीवर सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. इतक्या लांब येऊन माघारी कोण जाणार?

या पुस्तकाने क्रम उलटा धरला आहे. इथे जागेचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी महिना, मग पाणी, मग उजेड, मग घरी परतायची सोय. एवढं जुळल्यावर जी नावं उरतात, त्यांतलं आवडेल ते निवडावं. नावं थोडी उरली म्हणून हिरमुसू नये. सह्याद्रीत कोणत्याही महिन्यात एका दिवसाच्या इतक्या वाटा मोकळ्या असतात की एका जन्मात पुऱ्या व्हायच्या नाहीत.

पुस्तकाचा मुलूख म्हणजे कळसूबाई-भंडारदऱ्यापासून कोयनेच्या शिवसागरापर्यंतचा घाटमाथा, त्याच्या पदरातले जलाशय आणि खाली अलिबागपासून रत्नागिरीपर्यंतचा किनारा. आपल्याकडे किल्ल्यांची पुस्तकं वेगळी आणि कोकणच्या सहलींची वेगळी, अशी जुनी वाटणी आहे. गो. नी. दांडेकरांनी वाचकांना गडांचं वेड लावलं, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने डोंगरवाटा हाताला धरून दाखवल्या, किनारा मात्र मासे, देवळं आणि राहायच्या सोयी यांच्या यादीत अडकला. डोंगर चढणारा माणूस समुद्राकडे आराम करायला जातो, चालायला जात नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत साल्हेर, राजगड, लोहगड आहेत तसे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. ज्यांनी ते बांधले, लढवले, त्यांच्या डोक्यात घाट आणि समुद्र एकाच नकाशावर होते.

पाण्याकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. मुळशीचंच घ्या. मुळा पूर्ववाहिनी; तिचं पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते धरणात अडवलं, कड्यावरून नळांनी कोकणात भिऱ्याला उतरवलं आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. त्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट तेव्हापासून सेनापती झाले. धरण मात्र झालंच. आज भिऱ्यात वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेला मिळतं, कोलाड-रोह्यावरून वाहत रेवदंड्याच्या खाडीत उतरतं, आणि त्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा कोर्लईचा किल्ला उभा आहे. खालच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी कुटुंबं आहेत. घाटमाथ्यावर जो जलाशय उजव्या हाताला ठेवून आपण गाडी हाकतो, त्याचंच पाणी कोर्लईच्या तटाखालून समुद्राला मिळतं.

याच पाण्याच्या शेजारून अंधारबनाची वाट उतरते. ताम्हिणीजवळच्या पिंपरीतून निघायचं, दाट झाडीतून कुंडलिकेच्या दरीच्या कडेने हिरडीला यायचं आणि तिथून भिऱ्याला उतरायचं. तेराएक किलोमीटर अंतर, चढ जवळजवळ नाही; म्हणून ही वाट सोपी समजली जाते. पण गाडी पिंपरीला आणि माणसं भिऱ्याला, ही या वाटेची खरी अडचण आहे. मध्ये अख्खा ताम्हिणी घाट. संध्याकाळी पाच वाजता, भिजलेल्या बुटांनी, भिऱ्याच्या फाट्यावर वाहनाची वाट पाहणारे घोळके पावसाळ्यातल्या कोणत्याही शनिवार-रविवारी दिसतात. त्यांनी वाट चुकीची निवडलेली नसते, दिवसाचं दुसरं टोक तेवढं मोजलेलं नसतं. म्हणून प्रत्येक वाटेच्या माहितीत आम्ही पहिली ओळ परतीची छापली आहे: शेवटचं वाहन कुठून, किती वाजता, ते चुकलं तर पुढे काय. कोकणातल्या बऱ्याच गावांत मुक्कामी एसटी पहाटे निघते आणि संध्याकाळी परत येते. शहरातून येणाऱ्याला हवं असतं नेमकं याच्या उलट. हे आधी कळलेलं बरं.

आता डोंगर. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक हिशेब मांडला, तो अजून जगभर वापरतात: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाला वरून एक तास. बारीतून कळसूबाईचं शिखर साडेतीन किलोमीटरच्या आत-बाहेर आणि चढ आठशे मीटरच्या आसपास. म्हणजे नेस्मिथच्या मते दोन-सव्वादोन तास. थंड हवेतल्या स्कॉटिश माणसाला तेवढे पुरत असतील. आपल्याकडे मार्चमधल्या उन्हात, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन, शिड्यांपाशी रांगेत थांबत जायचं तर दीडपट वेळ धरावी, आणि उतरायला चढण्याहून कमी वेळ लागतो हा समज घरीच ठेवावा. १,६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर. लोखंडी शिड्यांमुळे ते सर्वांना खुलं झालं हे चांगलंच आहे, पण त्या शिड्यांनी गुडघ्यांचं काम कमी केलेलं नाही. नवरात्रात तर कळसूआईच्या दर्शनाला येणारी गावची माणसं, आजीबाईंसकट, आपल्याला सहज मागे टाकतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नये.

एकच गड दोन बाजूंनी दोन वेगळे दिवस होतो, हे तर फार कमी जण लक्षात घेतात. राजमाचीला लोणावळ्याहून जायचं तर पंधराएक किलोमीटरची लांबलचक पण बहुतेक सपाट वाट आहे. उधेवाडीत पिठलं-भाकरी खाऊन मुलाबाळांसह जाता येतं, फक्त अंतराची तयारी हवी. तोच गड कर्जतकडून, कोंदिवड्याहून गाठायचा तर कोंढाण्याच्या लेण्यांवरून छातीवर येणारा चढ आहे, अंतर मात्र निम्म्याहून कमी. एकाने चढून दुसऱ्याने उतरावं हे उत्तम, कारण दोन्ही टोकांना रेल्वे आहे. नाणेघाटाचंही तसंच. जुन्नरच्या बाजूने थेट माथ्यापर्यंत गाडी जाते आणि दहा मिनिटांत सातवाहनांचा शिलालेख पाहून होतो. पण मुरबाडच्या बाजूने, वैशाखऱ्याजवळून ती फरसबंदी वाट चढून लेण्यात जाऊन बसल्याशिवाय तिथे जकात का घेत असत हे पायांना कळत नाही. व्यापारी दमून वर पोचतो, आणि तिथेच रांजण ठेवलेला. जकात वसूल करायला याहून चांगली जागा कोणती?

घाटवाटांबाबत आणखी एक साधी गोष्ट. सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत, त्यामुळे सकाळी कोकणच्या बाजूला सावली असते आणि दुपारी तोच कातळ तव्यासारखा तापतो. कोकणातून वर चढायचं असेल तर दहा-साडेदहाच्या आत माथा गाठावा. वरून खाली उतरणाऱ्याला दुपारभर ऊन तोंडावर घ्यावं लागतं, शिवाय कोकणातली दमट हवा. जानेवारीत हे चालून जातं. एप्रिलमध्ये याच चुकीपायी धडधाकट पोरं पदरातल्या एखाद्या झाडाखाली आडवी होतात. उन्हाळ्यात टाक्यांतल्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. फेब्रुवारी सरता सरता बरीच टाकी तळाला गेलेली असतात, उरलेल्यांवर शेवाळ चढतं. याच दिवसांत वाळल्या गवताला वणवे लागतात आणि कपारींतली आग्या मोहोळं धुराने, अत्तराने, आरडाओरड्याने उठतात. मधमाश्या उठल्या की गडाची श्रेणी सोपी की अवघड याला काही अर्थ राहत नाही.

श्रेणीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: या पुस्तकात ‘सोपी, मध्यम, कठीण’ असे शिक्के नाहीत. ते कुणाच्या पायांनी मारायचे? कोथळीगडाला आंबिवलीहून पेठपर्यंत रमतगमत जाता येतं आणि सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना चढताना लहान मुलांना भीतीपेक्षा गंमतच जास्त वाटते. तीच मुलं पावसात खांडसहून भीमाशंकरच्या शिडीघाटाला नेली तर पालकांची छाती दडपेल. त्याऐवजी गणेशघाट लांबचा असला तरी बरा. म्हणून शिक्क्याऐवजी प्रत्येक वाटेवरची नेमकी अडचण लिहिली आहे: घसारा कुठे, दरीच्या कडेची आडवी वाट किती लांब, कारवीच्या रानात ढोरवाटा कुठे फुटतात आणि चकवा कुठे लागतो. जीपीएसवर उतरवून घेतलेला माग जानेवारीतला असेल तर सप्टेंबरात तो डोक्याएवढ्या गवताखाली गेलेला असतो, हेही ध्यानात असू द्यावं.

पावसाळ्याबद्दल मी कडवट लिहितो अशी तक्रार माझ्या मित्रांनीच केली. करोत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे उभे असताना त्यांना ते पाणी पायाखालचं वाटलं असणार. वरच्या पाणलोटात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, आणि सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो. म्हणून जुलै-ऑगस्टसाठी आम्ही ओढा आडवा येणाऱ्या वाटा सरसकट वगळल्या आहेत. मळवलीहून भाजे लेण्यांवरून लोहगडापर्यंत पायऱ्यांची वाट पावसातही राहते, फक्त ती रविवारची करू नये. पावसाळी रविवारी तिथली गर्दी पाहून गडही कंटाळत असेल. देवकुंडासारख्या ठिकाणी जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं. ती बंदी मोडून आडवाटेने जाणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. गडावर जाणाऱ्यांना वर्षानुवर्षं पाणी आणि वाट देणारी ती वाडी होती. कोणत्या डोंगराच्या अंगावर किती पाऊस झेपतो हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही त्या रात्री कळलं नाही. आपण तर एका दिवसाचे पाहुणे.

जलाशयांकडे वळू. तलाव म्हटलं तरी आपले तलाव म्हणजे बहुतेक धरणांचं साठलेलं पाणी. लोणारचं उल्काघाताने झालेलं सरोवर अपवाद, पण ते सह्याद्रीपासून दूर बुलढाण्यात. धरणाचा काठ कधी एका जागी नसतो. ऑक्टोबरात भंडारदऱ्याचं पाणी झाडांच्या बुंध्यांपर्यंत येतं आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळामागे रतनगडाचं नेढं आभाळात उघडं दिसतं. मे महिन्यात तोच काठ भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा होतो. ज्यांना फक्त फोटो हवा, त्यांनी दिवाळीच्या सुमारास जावं. ज्यांना धरणाखाली काय गेलं हे पाहायचं आहे, त्यांनी उन्हाळ्यात पवनेकडे जावं. पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं, आणि तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या चौकडीच्या मध्ये पूर्वी नांदती गावं होती याची खूण पटते.

पाण्याने दिवस कसा आखून दिला जातो, हे वासोट्याइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. बामणोलीला सकाळी वनखात्याची परवानगी घ्यायची, नावं नोंदवायची, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून दाखवायच्या, मग लाँचने शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं. तिथून जंगलाची चढण. अंधार पडायच्या आत परत लाँचवर हजर व्हायलाच हवं, कारण व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी नाही. जाण्या-येण्यात तीनेक तास पाण्यावरच जातात, उरलेल्या वेळात गड. उशिरा निघालेल्यांना नागेश्वरची गुहा सोडून द्यावी लागते. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि जंगलात जळवांचं राज्य. मला ही सक्तीची शिस्त आवडते. बाकीच्या गडांवर जी वेळेची मर्यादा आपण स्वतःला घालून घ्यायला हवी, ती इथे लाँचवाला घालून देतो.

किनाऱ्यावर हेच काम समुद्र करतो आणि तो कुणाचीच वाट पाहत नाही. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या पुढेमागे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, जागेनुसार बदलतो, पण दिवस निवडायला एवढं पुरतं. आता अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं आहे. भर दुपारची ओहोटी अष्टमीला मिळते, पण तेव्हा भांग असतो, पाणी पुरतं मागे हटत नाही. उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण ते पहाटे. मधला मार्ग म्हणजे द्वितीया ते चतुर्थी: उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान पडते. ओहोटीच्या आधी तासभर आत शिरावं, पाणी फिरताच बाहेर पडावं. दिनदर्शिका घरात असूनही आपण तिच्यातली ही माहिती वापरत नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा अशीच ओहोटीची. डोंगरातल्या खिंडीतून पायऱ्या उतरल्या की लाटांनी जाळीदार कोरलेला खडक लागतो, आणि त्यावरून देवळाला वळसा घालून परत यायचं. भरती चढत असताना या खडकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांचे बळी गेले आहेत. उलट हेदवीची बामणघळ पाहायची ती भरतीला. खडकाच्या अरुंद चिरेत पाणी शिरून उंच उसळतं, आणि ओहोटीला तिथे नुसती फट दिसते. किनाऱ्यावरच्या माझ्या आवडीच्या दिवसाची सुरुवात हरिहरेश्वरलाच होते: प्रदक्षिणा, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, वर बाणकोटचा किल्ला, आणि पुढे कासवांच्या पिल्लांसाठी नावाजलेलं, नाना फडणवीसांचं वेळास. चढ नावाला. पण डांबरी रस्त्याचा तुकडा मध्ये येतो आणि तो नोव्हेंबरातही भाजतो.

रत्नागिरीच्या सड्यांबद्दल थोडंच. जांभ्या दगडाचं हे पठार सपाट असल्याने लोक बेसावध जातात. कशेळीचा कातळात खोदलेला हत्ती, बारसूची चित्रं, होकायंत्र भरकटतं ते देवाचं गोठणं, सगळं पाहण्यासारखं आहे, पण सड्यावर सावलीला एक झुडूप नाही. सकाळी नऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर, एरवी नाही. कातळशिल्पांच्या रेषांवर पाय देऊ नये, पाणी ओतून त्या उठवूनही पाहू नयेत. तिरप्या उन्हात त्या आपोआप दिसतात.

वाटेवरच्या माणसांविषयी एक सूचना. ठाकर, महादेव कोळी, धनगर यांच्या वाड्यांतून या वाटा जातात. ‘मामा, ही वाट गडावर जाते ना?’ असं विचारलं तर उत्तर हमखास होकारार्थी येतं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? ‘मामा, गडावर कुठनं जातात?’ असं विचारावं आणि हात कोणत्या दिशेला जातो ते पाहावं. ‘हे काय, तासाभराचं’ या उत्तरातला तास त्यांच्या पायांचा असतो. धुकं असेल, वाट मोडलेली असेल, तर गावातला वाटाड्या घ्यावा आणि पैशांचं आधी बोलून घ्यावं. मावशींना जेवण सांगायचं तर चढताना सांगावं, उतरल्यावर नाही. चूल पेटायला वेळ लागतो.

शेवटची विनंती वाचकांनाच. वाटा बदलतात. दरडीने खिंड बुजते, शिडी गंजते, कुठे नवा रस्ता थेट वाडीपर्यंत जातो आणि एसटीची फेरी बंद होते. पुस्तकात छापलेलं आणि तुम्हांला प्रत्यक्ष दिसलेलं जुळलं नाही, तर डोळ्यांना दिसतं ते खरं मानून मागे फिरा, आणि कुठे, कोणत्या महिन्यात, काय बदललं ते प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती होईल.